कपाटामागच्या सात फळ्या

१

फिनसेनचं पत्र अकरा वर्षं माझ्या जाड शब्दकोशात पडून होतं. एका पानाचं पत्र. त्यातला एक प्रश्न मला पाठ होता. "पाक गुरू, गाव म्हणतं मी शाळेचा कागद चोरला. तुम्हीही तसंच म्हणता का?"

पाक गुरू म्हणजे मास्तर, त्याच्या शाळेचा मास्तर मी. हो किंवा नाही, एवढंच उत्तर त्याला हवं होतं. मला ते देता आलं नाही. मी तीनदा कागद समोर घेतला, तीनदा 'प्रिय फिनसेन' लिहिलं आणि थांबलो. 'नाही' लिहावं तर माझ्यापाशी पुरावा नव्हता, आणि 'हो' लिहायला हात उठत नव्हता. उद्या बघू म्हटलं. मी असाच आहे. वर्गात पोरांसमोरही एखादं उत्तर सांगितलं की घरी येऊन पुस्तकात पुन्हा पडताळून बघायचो.

आमच्या वोलोरेआ गावची शाळा चौऱ्याहत्तर साली बांधलेली. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा. अकरा वर्षांपूर्वी जिल्ह्याने जुन्या शाळा पाडून नव्या बांधायची यादी काढली, त्यात आमची पहिली होती. अट एकच, जमिनीचं दानपत्र दाखवायचं. ते ऑफिसातल्या पत्र्याच्या पेटीत असायचं. सोमवारी मुख्याध्यापकांनी पेटी उघडली तर आत कागद नव्हता. कुलूप शाबूत होतं, कारण किल्ली दारामागच्या खिळ्यालाच टांगलेली असायची. आदल्या आठवड्यात ऑफिसची भिंत दुरुस्त करायला सुतार फिनसेन तिथे एकटा होता, आणि सोमवारी तो समुद्रापलीकडे पामच्या मळ्यांकडे निघालेल्या बोटीत होता. गावाला एवढं पुरलं. यादीतून शाळेचं नाव गेलं आणि पोरं पुढची अकरा वर्षं गळक्या पत्र्याखाली बसली.

यंदा तिसरीच्या वर्गाचं छप्पर खाली आलं. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. मग नवी यादी निघाली, आणि ज्या घराण्याने जमीन दिली त्याचे आजचे प्रमुख रोफिनुस यांनी नव्या दानपत्रावर अंगठा दिला. मंगळवारी शाळा पाडायला सुरुवात झाली.

मी वाचनालयात पुस्तकांची धूळ झटकत होतो. इतक्यात नव्या मुख्याध्यापिका सिस्काबाई, आमच्या इबू सिस्का, स्वतः बोलवायला आल्या.

"पाक गुरू, जरा चला. भिंतीतून काहीतरी निघालंय."

हातभर लांब बांबूची नळी होती ती, तोंडाशी मेणाने बंद केलेली. इबू सिस्कांनी सुरीने मेण काढलं. आतून विड्याच्या वेलीचं एक सुकलेलं फळ पडलं, सुपारीचा तुकडा पडला, आणि मग गुंडाळी केलेला पिवळा कागद. टाइप केलेल्या चार ओळी आणि खाली निळा अंगठा.

"दानपत्र," इबू सिस्का हळू म्हणाल्या.

आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती. कुणीतरी मागून बोललं, आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ही भिंत कुणी लावली होती, आठवतं ना?"

२

दुपारी इने गौदेन्सिया माझ्या पायरीवर येऊन बसली. फिनसेनची आई; इने म्हणजे आईच. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ अजून सुतारणीची, सरळ.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"कॉफी पाजून घालवू नका मला, पाक गुरू. बोलायला आलेय."

मी समोर बसलो.

"शनिवारी शाळेचा पहिला खांब," ती म्हणाली. "या गावात पहिला खांब आमच्या घराचा हात लागल्याशिवाय उभा राहिलेला नाही. माझा सासरा, माझा नवरा, मग फिनसेन. तो नाही म्हणून या वेळी मी हात लावणार होते. आज मला सांगायला आले. म्हणे, चोर सापडला, आता तुमचा हात नको."

"कोण आलं होतं?"

"कोण का असेना. सगळेच." तिने पदराने तोंड पुसलं. "शनिवारी दुसऱ्याने खांब धरला की आमच्या घराचा हात कायमचा उठला. मग पोराला मी ये कसं म्हणू? काय करायला येईल तो? लोकांच्या गोठ्याचं दार दुरुस्त करायला?"

ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही त्याचे गुरू. त्याने तुम्हाला पत्र लिहिलं होतं, मला माहीत आहे. मला दर नाताळला विचारतो, पाक गुरूंचं काही आलं का. मी काय सांगू?"

"मी लिहिलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकवेना.

"ते दिसतंय हो. का लिहिलं नाही, ते विचारतेय."

"मला खात्री नव्हती."

ती उठली. "मग आता करून घ्या. अजून चार दिवस आहेत."

ती गेल्यावर मी शब्दकोश काढला. इतकी वर्षं मी ते पत्र उघडायचो ते शेवटच्या प्रश्नापर्यंत जाऊन घाबरून मिटायला. त्या दुपारी पहिल्यांदा ते धड्यासारखं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. मधे साधासाच मजकूर होता.

"एक काम राहिलं याची चुटपुट लागलीय. ऑफिसच्या भिंतीत कपाटामागच्या सात फळ्या लावायच्या राहिल्या. कपाट हलवायला माणसं मिळाली नाहीत. फळ्या तिथेच टेकून ठेवल्या आहेत, शिपाई ओम तितुसला लावून घ्यायला सांगा."

बांबूची नळी कपाटामागच्याच भिंतीतून निघाली होती.

३

बुधवारी सकाळी मी पाडकामावर गेलो. मुकादम वार्तो जावा बेटावरचा, हसरा माणूस. त्याने फळ्यांची चळत रचून ठेवली होती.

"पाक गुरू, सरपण हवंय का?"

"नाही. बघायच्या आहेत."

"फळ्या? बघा की. तुमच्या गावात म्हाताऱ्यांना कशाचंही वेड. ते तुमचे रोफिनुस आहेत ना, ते रोज सकाळी येतात आणि आम्ही गेल्या आठवड्यात मापासाठी ठोकलेल्या खुंट्या उपटून परत ठोकतात. त्याच भोकात. मी म्हटलं, आजोबा, काय चुकलं? तर म्हणतात, तुझं काही नाही, खुंटीचं चुकलं."

वार्तोचे गडी हसले. मीही हसलो आणि फळ्यांकडे वळलो.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. लाकडातलं मला जे कळतं ते फिनसेननेच शिकवलेलं आहे. दुसरीत होता तेव्हा एकदा भर वर्गात म्हणाला, "पाक गुरू, तुमच्या टेबलाचा एक पाय उलटा आहे." मी विचारलं, कशावरून? तो टेबलाखाली शिरला आणि गाठ दाखवली. फांदी खोडातून वर जाते, म्हणून लाकडातली गाठ शेंड्याकडे कललेली असते. आमच्याकडे उभं लाकूड बुडख्याकडचं टोक खाली आणि शेंड्याकडचं वर असंच लागतं. झाड जसं उभं होतं तसं.

त्या दुरुस्तीनंतर शाळेच्या भिंतींना रंग दिला होता, खालून कमरेइतका हिरवा आणि वर पांढरा. त्यामुळे फळी चळतीत कशीही पडलेली असो, तिचं कोणतं टोक खाली होतं ते रंग सांगत होता. कोणतं टोक बुडख्याचं ते गाठ सांगत होती. मी चष्मा पुसून एकेक फळी बघायला लागलो.

ऑफिसच्या भिंतीच्या चाळीस फळ्या होत्या. तेहतीस फळ्यांच्या गाठी हिरव्याकडून पांढऱ्याकडे चढत होत्या. त्यांना लोखंडी खिळ्यांची भोकं होती, एका रेषेत, फिनसेनच्या हाताची.

सात फळ्यांच्या गाठी खाली उतरत होत्या. सातही उलट्या. आणि त्यांच्यात खिळा एकही नव्हता. रंगाच्या थराखाली बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

मी त्या पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा मोजल्या, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही.

"काय झालं?" वार्तोने विचारलं. "चेहरा का असा?"

"काही नाही," मी म्हणालो. शेवटची फळी परत चळतीवर ठेवली. आमच्या गावात लाकूड उलटं लावतात आणि लोखंडाऐवजी बांबूने जोडतात, असं एकच काम आहे. शवपेटीचं.

४

ओम म्हणजे काका; तितुस शाळेचा जुना शिपाई. किनाऱ्यावरच्या कोळ्यांतला, लग्न करून आमच्या डोंगरात आलेला. तो परसात मका सोलत होता.

"त्या सात फळ्या तू लावल्यास का?"

"कुठल्या सात?"

"ऑफिसात. कपाटामागच्या."

"मी? मला हातोडा धरता येत असता तर बायकोने इतकी वर्षं शिव्या घातल्या असत्या का? फिनसेननेच लावल्या असतील. शनिवारी दुपारी मी कुलूप घातलं तेव्हा त्या टेकून ठेवलेल्या होत्या. सोमवारी बघतो तर भिंत पूर्ण. मला वाटलं, पोरगा जाता जाता लावून गेला."

"फिनसेन कधी निघाला?"

"त्याची आई म्हणते शनिवारी पहाटे. पण आईच ती. लोक म्हणतात रविवारच्या ट्रकने गेला."

"ऑफिसची किल्ली?"

"उंबऱ्याजवळच्या दगडाखाली. सगळ्या गावाला ठाऊक. तुम्हालाही ठाऊक होती, पाक गुरू. म्हणजे संशयितांत तुम्हीही आलात बघा." तो हसला, मग गंभीर झाला. "शनिवारी संध्याकाळी चर्चचा सण होता. सगळं गाव तिकडे. ऑफिसात कुणी हत्ती नेला असता तरी कळलं नसतं."

गुरुवारी मी ट्रकने बाजारगावी गेलो. तेव्हाचे मुख्याध्यापक, पाक कांदिदुस, निवृत्त होऊन तिथे राहतात. दुसऱ्या बेटावरून बदलीने आलेला माणूस, फार टापटिपीचा. त्यांच्यावर माझा थोडा संशय होता. त्यांना आमच्या गावातून बदली हवी होती असं लोक बोलायचे.

"हवी होती की," ते शांतपणे म्हणाले. "पण नवी शाळा उभी करून, दारावरच्या पाटीत माझं नाव घालून मग. कागद गेला आणि पाटीही गेली. मी तो कशाला लपवीन?"

"तुम्ही तो शेवटचा कधी पाहिलात?"

"शनिवारी. दुपारी मोजणीवाले आले होते, त्यांना दाखवला आणि पेटीत परत ठेवला. त्यांनी अंगणात चार खुंट्या ठोकल्या आणि गेले."

"हे तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना. पण फिनसेन शनिवारी पहाटेच गेला होता असं त्याच्या आईशिवाय कुणी मानायला तयार नव्हतं."

"आणि सोमवारी ऑफिसात आणखी काही वेगळं दिसलं?"

त्यांनी विचार केला. "वेगळं म्हणजे, तितुसला मी झापलं होतं. कपाटातल्या हजेरीच्या वह्या त्याने कशाही ठेवल्या होत्या. काही सुलट, काही डोक्यावर उभ्या. मी म्हटलं, वाचता येतं ना तुला, मग वहीचं डोकं कुठे, पाय कुठे हे कळत नाही का? तो म्हणाला, मी हातच लावला नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मी कपातली कॉफी तशीच ठेवली.

"पाक गुरू, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," मी म्हणालो. ते खरं नव्हतं. मला उत्तर सापडलं होतं, आणि ते मला नको होतं.

५

परतीच्या ट्रकमध्ये मी मक्याच्या पोत्यांवर बसून सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. कुठे चूक सापडली असती तर मला आनंदच झाला असता.

फिनसेन चोर असता तर त्याने कागद ज्या सात फळ्यांमागे लपवला त्यांच्याकडे पत्रात स्वतःच बोट दाखवलं नसतं. तितुसला हातोडा धरता येत नव्हता आणि कांदिदुसना बुडखा-शेंड्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासारख्या माणसाने फळ्या लावल्या असत्या तर तीन सुलट, चार उलट, अशा काहीतरी लागल्या असत्या. सातच्या सात उलट्या लावायला सुलट म्हणजे काय हे नीट माहीत असावं लागतं. म्हणजे लावणारा लाकूड ओळखणारा होता आणि त्याने ते जाणून उलटं लावलं होतं.

वह्यांचं मात्र तसं नव्हतं. काही सुलट, काही उलट. तिथे तो चुकला होता. कारण वहीचं डोकं कुठे असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

लाकूड वाचता येणारा आणि अक्षर न येणारा. असा माणूस गावात एकच होता. त्याला अक्षर येत नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण वीस वर्षं दर शुक्रवारी मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत आलो होतो.

शुक्रवारी मी वर्तमानपत्र घेऊन रोफिनुसच्या ओसरीवर गेलो. त्याला मी काए म्हणतो, थोरला भाऊ. त्याने विडा तयार करून ठेवला होता, चुना, सुपारी, वेलीचं फळ, दोघांपुरता.

"ये. काय म्हणतंय जग?"

"आज जगाचं नको, काए. आज मला तुला एक विचारायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विड्याचं तबक बाजूला सारलं. "फळ्या बघत होतास म्हणे बुधवारी."

"हो."

"किती बघितल्यास?"

"सगळ्या. सात उलट्या आहेत. बांबूने जोडलेल्या. आत विडा होता, मेलेल्याला देतात तसा."

त्याची कोंबडी येऊन पायरीवर चढली, त्याने तिला हाकललंही नाही.

"मला वाटायचं तू पुस्तकातलाच माणूस आहेस," तो शेवटी म्हणाला. "गाठी बघायला कुणी शिकवलं?"

"फिनसेनने."

ते नाव ऐकून त्याने डोळे मिटले.

"का पुरलास कागद?" मी विचारलं.

"मेला होता म्हणून." त्याने डोळे उघडले. "त्या शनिवारी शाळेच्या अंगणात गेलो. चार कोपऱ्यांत चार खुंट्या. सगळ्यांचे शेंडे जमिनीत. चारही. आपल्याकडे चार उलट्या खुंट्या कुठे ठोकतात?"

"थडग्याला."

"मग मी काय समजायचं? सरकारची माणसं आली आणि माझ्या बापाच्या जमिनीवर थडगं आखून गेली. मला वाटलं, शाळा संपवली त्यांनी. आता कागद घेऊन जातील आणि जमीन दुसऱ्या कशाला वापरतील. बापाने ती पोरांसाठी दिली होती. त्या कागदावर त्याचा अंगठा होता. बापाचा अंगठा जाळू? की शहरातल्या फायलीत सडू देऊ? शाळा मेली तर कागदही मेला. तिच्याच पोटात पुरला, रीतीने. माणसं पुरतात तसा."

मला वार्तोच्या खुंट्या आठवल्या. खुंटीला टोक करायचं तर बारीक बाजू तासायला सोपी, म्हणून मोजणीवाला शेंडाच तासतो आणि तोच जमिनीत ठोकतो. त्यात दुसरा काही अर्थ नसतो. आणि हा म्हातारा अकरा वर्षांनी रोज सकाळी जाऊन त्या खुंट्या सुलट करत होता, पुन्हा तीच चूक कुणाची होऊ नये म्हणून.

"कपाट एकट्याने कसं हलवलंस?"

"रिकामं करून. तुम्ही शिकलेली माणसं भरलेलं कपाट ढकलत बसता."

हसू आलं, पण ते टिकलं नाही. "आणि फिनसेन, काए?"

"पंधरा दिवसांनी कळलं, खुंट्या नव्या शाळेच्या होत्या म्हणून. तोवर यादीतून नाव गेलेलं. पोरावर आळ आलेला. तो लांब गेलाय, त्याला इथलं काय ऐकू येणार, असं मनाशी म्हटलं. मग म्हटलं, उद्या सांगू. पुढच्या सणाला सांगू." त्याने हात मांडीवर पसरले. "वर्षं अशी गेली की मागे वळून बघायची भीती वाटायला लागली. तुला नाही कळायचं ते. तू कधी कुणाचं वाईट केलं नाहीस."

मी खिशातून फिनसेनचं पत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"सात फळ्या राहिल्या असं त्याने यात लिहिलंय," मी म्हणालो. "हे अकरा वर्षं माझ्या घरात होतं. मी नीट वाचलं असतं तर तो केव्हाच परत आला असता. तेव्हा तू एकटा नाहीस, काए."

त्याला अक्षर येत नव्हतं, तरी त्याने पत्र उचललं, आणि मी पाहिलं, उलटं धरलं होतं. मी ते हळूच सुलट करून दिलं.

"उद्या सांगेन," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नाही. हा उद्या खरा आहे. खांबापाशी सांगेन, सगळ्यांसमोर. तोवर मी सांगतो तसं लिही. मी अंगठा देतो."

६

शनिवारी सकाळी अंगणात सगळं गाव जमलं होतं. नवा खांब सिमेंटचा, म्हणून आधी लोखंडी सळयांचा सांगाडा खड्ड्याशेजारी आडवा ठेवला होता. खांब धरायला दुसऱ्या घरचा एक सुतार नवा शर्ट घालून उभा होता. इने गौदेन्सिया गर्दीच्या मागे होती.

रोफिनुस पुढे आला आणि बोलला. फार नाही बोलला. कागद कुणी पुरला, का पुरला, आणि ज्याच्यावर आळ आला त्याचा काही दोष नव्हता, एवढंच. पण फिनसेनचं नाव त्याने पुरं घेतलं, बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट, जसं खांबापाशी पूर्वजांचं घेतात. ओम तितुसने टोपी काढली. पुढच्या रांगेतली, मंगळवारी भिंतीबद्दल बोललेली माणसं आपल्या चपलांकडे बघत होती.

"तुमची पोरं अकरा वर्षं माझ्यामुळे भिजली," रोफिनुस म्हणाला. "त्याची जी भरपाई ठरवाल ती मला कबूल. पण खांबाचा हात ज्यांचा आहे त्यांचाच."

नवा शर्ट घातलेला सुतार बाजूला झाला. गर्दीने वाट करून दिली. इने गौदेन्सिया रोफिनुससमोर येऊन थांबली.

"तुझ्याशी नंतर बोलते," ती म्हणाली. "आत्ता काम आहे."

ती सांगाड्याशी वाकली, सळया हाताने चाचपल्या आणि वार्तोला विचारलं, "याचा बुडखा कुठला?"

"आजी, लोखंडाला बुडखा नसतो. दोन्ही टोकं सारखीच."

"असं तुला वाटतं." तिने दोन्ही टोकं पुन्हा निरखली, एक निवडलं आणि त्यावर हात ठेवला. "हे खाली."

वार्तोने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जणू मला कळतंय. त्याने गड्यांना खूण केली आणि खांब उभा राहिला.

दुपारी मी घरी येऊन लिहायला बसलो. चौथ्यांदा 'प्रिय फिनसेन' लिहिलं आणि या वेळी थांबलो नाही.

"प्रिय फिनसेन, तू विचारलं होतंस, मीही तसंच म्हणतो का. नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं, पुरावा नसतानाही. आता पुरावा आहे आणि तो तुझ्याच पत्रात होता. सोबत काए रोफिनुसचा कागद आहे, त्याखाली त्याचा अंगठा आहे. तुझ्या आईने आज शाळेचा पहिला खांब धरला. दुसरा खांब तिने तुझ्यासाठी ठेवायला सांगितलाय. वार्तो म्हणतो, सिमेंट थांबत नाही. ती म्हणते, थांबेल. तुझा गुरू, आन्सेल्मुस."

सोमवारी पहाटेच्या ट्रकने मी बाजारगावी गेलो. पोस्ट उघडेपर्यंत पायरीवर बसून पाकिटावरचा पत्ता चारदा पडताळला. पत्ता इने गौदेन्सियाने दिलेला होता. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनाला ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"समुद्रापलीकडचं आहे. साधं पाठवू की तातडीचं?"

"तातडीचं," मी म्हणालो.